वीतभर अंतरावरचे जग

प्रवासवर्णने वाचताना आपल्याला वाटते, की नवल पाहावयाचे तर दूरदेशीच गेले पाहिजे. हिमालयाची शिखरे, आफ्रिकेतील अरण्ये, समुद्राच्या तळाची प्रवाळे ही सारी दूर आहेत, हे खरे. पण आपल्या परसदारी तुळशीच्या मंजिरीवर काय चालले आहे, हे तरी आपल्यापैकी कितीजणांनी नीट पाहिले आहे? मंजिरीतील एकेक फूल जोंधळ्याच्या दाण्याहून थोडेसेच मोठे. पण त्या एवढ्याशा फुलाला दोन ओठ असतात, आणि त्यांतून चार नाजूक पुंकेसर बाहेर डोकावत असतात. रोज सकाळी तुळशीला पाणी घालणाऱ्या माणसालाही ते सहसा दिसत नाहीत.

यात माणसाचा दोष नाही. आपला डोळा सुमारे २५ सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे वीतभर अंतरापर्यंत, सहज पाहू शकतो. वस्तू त्याहून जवळ आणली, की मोठ्या माणसांना ती पुसट दिसू लागते. मुलांचे डोळे आणखी थोडे जवळचे पाहतात, पण त्यांनाही ताण पडतो. या वीतभर अंतराच्या अलीकडे जे जग आहे, ते पाहावयाचे तर भिंग हवे. आणि जे पाहिले ते टिपून ठेवावयाचे तर कॅमेरा हवा. अगदी जवळून काढलेल्या अशा छायाचित्रांना निकटचित्रे म्हणता येईल. ती काढण्यासाठी जुन्या, हाताने फिरवावयाच्या लेन्स किती उपयोगी पडतात आणि त्यांत मौज कोणती, हे या पाठात पाहू.

हल्ली घरोघरी मोबाइल फोन आहेत. चौकट धरली, बोट लावले, की चित्र तयार! उजेड मोजणे, स्पष्टता साधणे ही कामे यंत्र आपल्या आपण करते. ही सोय मोठी आहे. तिची निंदा करण्याचे कारण नाही. परंतु आपल्याला नेमके काय पाहावयाचे आहे, हे त्या यंत्राला कसे कळावे? जास्वंदीच्या फुलावर मुंगी चढत असते. आपल्याला मुंगी हवी असते. यंत्र मात्र मागच्या पाकळीवरच नजर रोखून बसते. मुंगी पुसट आणि पाकळी स्पष्ट, असे चित्र हाती येते. जुन्या लेन्सला अशी स्वतःची बुद्धी मुळीच नाही. तिच्यावर एक कडे असते, ते आपण बोटांनी फिरवावयाचे. मुंगीची शिंगे स्पष्ट झाली, की हात थांबतो. निर्णय सर्वस्वी आपला.

एकेकाळी पुष्कळ कॅमेऱ्यांना अशा लेन्स असत. १९७७ साली जपानमधील कोनिका कंपनीने स्वतःहून स्पष्टता साधणारा छोटा कॅमेरा बाजारात आणला. पुढे १९८५ साली मिनोल्टा कंपनीचा, लेन्स बदलता येणारा आणि आपोआप फोकस करणारा कॅमेरा आला, आणि पाहता पाहता सर्वत्र तीच रीत पडली. मग हाताने फिरवावयाच्या लेन्सचे काय झाले? काही कपाटांत पडून राहिल्या, काही जुन्या बाजारात गेल्या. मुंबईच्या चोरबाजारात पितळी दिवे, जुनी घड्याळे आणि ग्रामोफोन यांच्या शेजारी अशा लेन्स मांडलेल्या दिसतात. धातूच्या नळीवर कोरलेले आकडे, त्यांत भरलेला पांढरा व लाल रंग, हातात घेतल्यावर जाणवणारे वजन, या गोष्टी पाहिल्या, की या वस्तू घडविणारांनी त्या दोन पिढ्या टिकाव्यात अशाच हेतूने घडविल्या असाव्यात, असे वाटते.

त्या लेन्स आजच्या कॅमेऱ्यांवर बसू लागल्या, त्याचे कारण मोठे गमतीचे आहे. जुन्या कॅमेऱ्यांत लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असे. त्या आरशाला हलावयास जागा हवी, म्हणून लेन्स फिल्मपासून दूर बसवीत. ४२ मिलिमीटर व्यासाच्या आट्यांनी बसणाऱ्या ज्या लेन्स त्या काळी फार प्रचारात होत्या, त्यांच्या बाबतीत हे अंतर सुमारे साडेपंचेचाळीस मिलिमीटर असे. २००८ सालापासून बिनआरशाचे कॅमेरे निघू लागले. त्यांत हेच अंतर पुष्कळदा विसाच्या आत असते. तेव्हा मधल्या मोकळ्या जागेत एक पोकळ कडे बसविले, की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर नेमकी हव्या त्या अंतरावर येते. त्या कड्यात काच नाही, यंत्र नाही; त्यात आहे ती केवळ मोजून मापून ठेवलेली पोकळी.

अशा दोन लेन्सची हकीकत सांगण्याजोगी आहे. पहिली हेलिओस-४४. हेलिओस म्हणजे ग्रीक पुराणांतील सूर्यदेव. नाव ग्रीक असले, तरी लेन्स सोव्हिएत देशातली, आणि तिचे मूळ जर्मनीत. येना या गावच्या कार्ल त्साइस कंपनीने १९३० नंतरच्या दशकात बिओटार नावाची ५८ मिलिमीटरची एक उत्तम लेन्स तयार केली होती. १९४५ साली दुसरे महायुद्ध संपले, येना सोव्हिएत अंमलाखाली गेले, आणि बिओटारच्या रचनेवरून सोव्हिएत कारखान्यांत नवी लेन्स घडू लागली. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्क येथील कारखान्यातून ती झेनिट कॅमेऱ्यांबरोबर लाखोंच्या संख्येने बाहेर पडली. तिच्या पोटात सहा भिंगे चार गटांत बसविलेली असतात. ती एवढी विपुल निघाली, म्हणूनच आजही स्वस्त मिळते. तिने काढलेल्या चित्रात फुलामागची पाने भोवऱ्यासारखी गरगरताना दिसतात. शास्त्राच्या दृष्टीने तो लेन्सचा दोष आहे. पण पुष्कळ लोक त्या दोषासाठीच ती विकत घेतात!

दुसरी हकीकत जपानची. तेथील ग्रंथालयांना जुनी वृत्तपत्रे व पुस्तके फिल्मवर अगदी लहान आकारात टिपून ठेवावयाची होती. युरोपीय लिपींची अक्षरे सुटी व सोपी, त्यामुळे तिकडील लेन्सचे त्यांच्यावर भागत असे. जपानी लिपीतील चित्राक्षरांत मात्र एकेका अक्षरात दहा-पंधरा रेघा दाटीने बसलेल्या असतात. त्या लहान आकारात उतरविल्या, की एकमेकींत मिसळून जात. ही अडचण दूर करण्याच्या प्रयत्नांतून निकॉन कंपनीने १९५६ साली मायक्रो-निक्कोर ही लेन्स तयार केली. १९६१ साली तिची ५५ मिलिमीटरची बहीण आरशाच्या कॅमेऱ्यासाठी निघाली. अक्षरांच्या रेघा वेगळ्या दाखविण्यासाठी जन्मलेल्या या लेन्सना पुढे फुलांचे परागकण आणि माशांचे पंख दाखविण्याचे काम मिळाले, आणि तेही त्यांनी उत्तम पार पाडले.

आता थोडा प्रयोग करू. घरात एखादे साधे बहिर्गोल भिंग असेल, तर दिवसा खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका ठिकाणी भिंतीवर खिडकीबाहेरच्या झाडाचे लहानसे, उलटे चित्र उमटेल. झाड दूर असल्यामुळे भिंगापासून भिंतीपर्यंतचे हे अंतर म्हणजे जवळजवळ त्या भिंगाचे नाभीय अंतरच होय. समजा, ते १० सेंटिमीटर भरले. मग संध्याकाळी, घरातील मोठ्या माणसास जवळ बसवून, एक पेटती मेणबत्ती भिंगापासून २० सेंटिमीटरवर ठेवा आणि भिंगाच्या दुसऱ्या बाजूस २० सेंटिमीटरवर एक पांढरा कागद धरा. कागदावर ज्योतीचे उलटे चित्र दिसेल, आणि ते ज्योतीएवढेच मोठे असेल.

या प्रयोगात निकटचित्रणाचे सारे मर्म आहे. वस्तू भिंगाच्या जवळ आली, की तिचे चित्र भिंगापासून दूर सरकते आणि मोठे होते. म्हणून जवळची वस्तू टिपावयाची तर लेन्स कॅमेऱ्यापासून पुढे सरकवावी लागते. जुन्या लेन्सचे कडे फिरविले, की ती आट्यांवरून पुढे येते. पण साधी ५० मिलिमीटरची लेन्स अशी जेमतेम सहा-सात मिलिमीटरच पुढे येऊ शकते. तेवढ्याने मुंगी काही मोठी दिसत नाही. मग लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये एक पोकळ नळकांडे बसवावयाचे. २५ मिलिमीटरचे नळकांडे बसविले, तर चित्र वस्तूच्या निम्म्या आकाराचे होते. ५० मिलिमीटरचे बसविले, तर वस्तूएवढेच. मेणबत्तीचा हिशेबच येथे पुन्हा लागू पडतो. वस्तूएवढे चित्र म्हणजे काय, हे नीट ध्यानात घ्या. कॅमेऱ्याच्या आत जेथे चित्र उमटते तो पट पुष्कळ मोठ्या कॅमेऱ्यांतही ३६ मिलिमीटर लांब आणि २४ मिलिमीटर रुंदच असतो. एक सेंटिमीटर लांबीचा किडा त्यावर एक सेंटिमीटर लांबीचा उमटला, तर पुढे कागदावर छापताना तो सहज तळहाताएवढा करता येतो.

या लाभाची किंमतही द्यावी लागते, आणि ती दोन प्रकारची असते. लेन्स पटापासून दुप्पट दूर गेली, की पटावर पोहोचणारा उजेड निम्मा होत नाही, चौथा हिस्सा उरतो. विजेरी भिंतीपासून दुप्पट अंतरावर नेऊन पाहा: उजेडाचे वर्तुळ दुप्पट रुंद होते, म्हणजे त्याचे क्षेत्रफळ चौपट होते, आणि तोच उजेड चौपट जागेत पसरल्याने फिका पडतो. दुसरी किंमत अधिक भारी आहे. इतक्या जवळून पाहताना स्पष्ट दिसणारा थर अतिशय पातळ होतो. कोळ्याचे डोळे स्पष्ट आले, तर पाय पुसट. पाय स्पष्ट आले, तर डोळे पुसट!

हा थर जाड करण्याचा उपाय लेन्सवरच कोरलेला असतो. २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६ असे आकडे एका कड्यावर दिसतात. ते लेन्सच्या द्वाराचे आकडे होत. आकडा मोठा तितके द्वार लहान, हे प्रथम विचित्र वाटते. पण हे भागाकाराचे आकडे आहेत. ५० मिलिमीटरला २ ने भागले, तर द्वार २५ मिलिमीटर रुंद. १६ ने भागले, तर तीन मिलिमीटरांहून थोडे अधिक. प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. कडे फिरविताना 'टक् टक्' असा आवाज येतो आणि आत पोलादी पाकळ्या मिटताना दिसतात. जणू एखादे फूल संध्याकाळ झाली म्हणून मिटत आहे. वस्तूएवढे चित्र काढताना २ वर स्पष्ट थर पाव मिलिमीटर जाडीचा असतो. ८ वर तो सुमारे एक मिलिमीटर होतो. म्हणजे तरीही एका नाण्याच्या जाडीहून कमीच! मग १६ वर का जाऊ नये? जावे, पण उजेड फारच थोडा उरतो, आणि द्वार अतिशय लहान झाले, की प्रकाश त्याच्या कडांवरून पसरून सारेच चित्र किंचित मऊ पडते. ८ किंवा ११ या आकड्यांवर बहुधा निभावते.

एवढ्या पातळ थरात मुंगीचा डोळा पकडावयाचा कसा? येथे जाणती माणसे एक युक्ती करतात. हवी ती मोठाई आधी ठरवून कडे तेथेच ठेवतात, आणि मग कॅमेऱ्यासह स्वतःच केसभर पुढे, केसभर मागे होतात. कोपरे गुडघ्यांवर टेकलेली, श्वास रोखलेला, नजर पडद्यावर. आणि डोळा चमकला, की कळ दाबावयाची. दहांपैकी एक चित्र साधले, तरी पहिल्या आठवड्यात समाधान मानावे. वाऱ्याचा उपद्रव मात्र फार होतो. आपल्याला जाणवतही नाही अशा झुळकेने देठ दोन मिलिमीटर हलतो, आणि आपला थर तर एकच मिलिमीटरचा! म्हणून सकाळची वेळ उत्तम. सूर्य वर आलेला असतो, ऊन कोवळे असते, वारा सुटलेला नसतो, आणि रात्रीच्या गारव्याने किडेही सुस्त असतात. सावलीच्या बाजूस वहीचा एक पांढरा कागद धरला, की तेथेही उजेड परततो.

पाहावयाचे काय? अंगण मोठे असले पाहिजे असे नाही. गॅलरीतील दोन कुंड्याही पुष्कळ झाल्या.

अळूच्या पानावर पाण्याचा थेंब मोत्यासारखा गोल का राहतो, हे जवळून पाहावे. पानावर मेणाचा थर व अतिसूक्ष्म उंचवटे असतात. त्यांच्या टोकांवर थेंब तोललेला असतो आणि पान त्याला चिकटू देत नाही. तो थेंबही एक भिंगच आहे. त्याच्यामागे जास्वंदीचे फूल धरले, तर थेंबात तेच फूल इवलेसे आणि उलटे दिसते. मेणबत्तीच्या ज्योतीची आठवण येते ना? जास्वंदीच्या मधोमध जी लांब दांडी असते, तिच्या टोकाला पाच तांबड्या मखमली गोळ्या दिसतील, आणि खाली पिवळे परागकण रव्याच्या कणांसारखे चिकटलेले.

भिंतीवर एक करडा, केसाळ कोळी नेहमी असतो. हा जाळे विणून शिकार धरीत नाही; मांजरासारखा दबा धरून उडी घालतो. त्याला आठ डोळे असतात, त्यांपैकी समोरचे मधले दोन मोटारीच्या दिव्यांसारखे मोठे. आपण लेन्स जवळ नेली, की पळण्याऐवजी तो वळतो आणि त्या दोन डोळ्यांनी थेट लेन्सकडे पाहू लागतो. एवढ्याशा प्राण्याने आपल्याकडे असे रोखून पाहावे, याचे प्रथम हसू येते आणि मग थोडा संकोचही वाटतो.

जूनमध्ये मृगाचा पाऊस पडला, की ओल्या मातीवर तांबडाभडक मृगाचा किडा चालू लागतो. त्याला आपण किडा म्हणतो खरे, पण त्याचे पाय मोजा. ते आठ भरतील. कीटकांना पाय सहाच असतात; तेव्हा हा कीटक नव्हे, कोळी व गोचीड यांच्या गोतावळ्यातला. त्याची मखमल म्हणजे दाट, आखूड केसांचे आवरण असते. पहिल्या सरींनंतर थोडेच दिवस तो वर दिसतो, म्हणून त्याच्यासाठी लेन्स तयार ठेवावी.

आमच्या परसातील कढीलिंबावर एके वर्षी पावसाळ्याच्या शेवटी लिंबावरच्या फुलपाखराचे सुरवंट झाले होते. ही जात लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी काळी-पांढरी दिसते, म्हणून पक्षी तिला टाळतात. मोठेपणी ती पानासारखी हिरवी होते. डिवचले, तर डोक्यामागून तांबूस दुहेरी शिंग बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. असा एक गलेलठ्ठ सुरवंट फांदीला रेशमी धाग्याने स्वतःला बांधून घेऊ लागला. मी तिवईवर कॅमेरा उभा केला, हेलिओस आणि नळकांडे बसविले, आणि रोज सकाळी सात वाजता एक चित्र काढण्याचा नेम धरला. शेजारची दहा वर्षांची एक मुलगी दप्तर पाठीस लावून शाळेत जाण्यापूर्वी रोज पाहून जाई. दुसऱ्या दिवशी सुरवंटाची कात गळून हिरवा कोश झाला. "काका, आता किती दिवस?" ती विचारी. दहा-बारा दिवस लागतील, असे मी सांगितले होते. कोश पारदर्शक होऊ लागेल आणि आतील पंखांची काळी-पिवळी नक्षी दिसेल, मग समजावे की उद्या जन्म.

बारा दिवस झाले. कोश पारदर्शक न होता तपकिरी पडला. मुलगी काही बोलली नाही; मीही बोललो नाही. आणखी आठवड्याने कोशाला टाचणीच्या टोकाएवढे एक भोक पडले, आणि त्यातून एकामागून एक बारीक माश्या बाहेर येऊ लागल्या. नुसत्या डोळ्यांना त्या काळ्या ठिपक्यांसारख्या दिसत. लेन्समधून पाहिले, तो त्यांची अंगे हिरव्या धातूसारखी झळकत होती, पंख अभ्रकासारखे पातळ होते, आणि त्या पुढच्या पायांनी शिंगे पुशीत होत्या. गांधीलमाशीच्या गोतातील हे परोपजीवी कीटक. यांची मादी सुरवंट कोशात जाण्याच्या बेतात असला, की त्याच्यावर येऊन बसते, आणि कोशाची त्वचा अजून मऊ असते तोच तिच्यात अंडी घालते. आतील अळ्या त्या कोशावरच पोसतात.

"म्हणजे यांनी फुलपाखरू खाल्लं?" मुलीने विचारले.

"हो, बाळ."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "काका, पहिल्या दिवसाचं चित्र दाखवा."

ते चित्र पडद्यावर मोठे केले. सुरवंटाच्या पाठीवर शेपटीच्या बाजूस एक हिरवट ठिपका होता. आणखी मोठे केले. त्याला दोन शिंगे होती.

"ही तेव्हापासून बसली होती," ती म्हणाली. आणि शाळेला उशीर होत असतानाही कोशातून बाहेर येणाऱ्या माश्या मोजीत उभी राहिली. तिने त्रेचाळीसपर्यंत मोजल्या, तेवढ्यात तिच्या आईची हाक आली.

ज्यांची चित्रे काढावयाची ते प्राणी जिवंत आहेत, हे विसरता कामा नये. किडा हलू नये म्हणून त्याला बर्फाच्या पेटीत ठेवणारे किंवा फांदीला चिकटविणारे लोक आहेत. असे चित्र कितीही सुबक असले, तरी ते पाहू नये असे मला वाटते. कोशाची फांदी तोडू नये, कोळ्याची अंड्यांची पिशवी उकलू नये, आणि मधमाश्यांच्या पोळ्याजवळ तर जाऊच नये.

जुनी लेन्स घेताना घरातील जाणत्या माणसास बरोबर न्यावे. कडे मऊपणे, पण ढिले न पडता फिरले पाहिजे. द्वाराच्या पाकळ्यांवर तेल नसावे. तेल असले, की त्या एकमेकींना चिकटतात. विजेरीचा उजेड आरपार टाकून आत पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे किंवा बर्फाच्या नक्षीसारखे धागे दिसले, तर ती बुरशी होय. आपल्याकडे, विशेषतः कोकणात, बुरशी हा लेन्सचा मोठा शत्रू आहे. पावसाळी दमट हवेत ती भिंगांवर वाढते आणि काचेवरील लेप खाऊन टाकते. मग कितीही पुसले, तरी डाग जात नाही. किती तरी चांगल्या लेन्स आजोबांच्या कपाटात, कातडी पेटीत बंद राहून अशाच आंधळ्या झाल्या आहेत. कातडे ओल धरून ठेवते, म्हणून कातडी पेटी पावसाळ्यात वाईटच. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात, आणि लेन्स अधूनमधून बाहेर काढून वापरावी.

काही जुन्या लेन्समधून पांढरा कागद पाहिला, तर तो चहासारखा पिवळट दिसतो. १९६० नंतरच्या दशकात काही कंपन्यांनी, उदाहरणार्थ असाही कंपनीने आपल्या टाकुमार लेन्सच्या काही प्रकारांत, थोरियम हे द्रव्य मिसळलेली काच वापरली होती. त्या काचेने प्रकाश अधिक वाकतो, पण ती किंचित किरणोत्सर्गी असते आणि कालांतराने पिवळी पडते. कॅमेऱ्यावर लावून चित्रे काढण्यास ती चालते; डोळ्यापाशी धरून मात्र पाहू नये.

हे सांगावयाचे कारण असे, की ज्यांच्या घरी तसा कॅमेरा नाही, त्यांनाही जुन्या लेन्सचा उपयोग होतो. पिवळट नसलेली, स्वच्छ काचेची ५० मिलिमीटरची लेन्स घ्यावी, द्वार पूर्ण उघडावे, आणि तिची पुढची बाजू डोळ्यापाशी धरून वस्तू कॅमेऱ्याकडच्या बाजूने हळूहळू जवळ आणावी. २५ सेंटिमीटरला ५ ने भागले, की ५ येतात. वस्तू सुमारे पाचपट मोठी दिसते. साध्या भिंगात कडेला रंगीत झालर दिसते आणि चित्र वाकते. येथे सहा भिंगे एकमेकांचे दोष सावरीत असतात, म्हणून चित्र कडेपर्यंत स्वच्छ असते. एक गोष्ट मात्र कधीही करू नये: कोणत्याही लेन्समधून सूर्याकडे पाहू नये, आणि ती उन्हात उघडी टाकू नये. तिने डोळा कायमचा जाऊ शकतो आणि कागदही पेटू शकतो. पाऊस लागून बाहेर जाता येत नसेल, तर स्वयंपाकघरातून चिमूटभर बारीक मीठ काळ्या कागदावर पसरावे आणि खिडकीशी बसून पाहावे. प्रत्येक कण म्हणजे सहा बाजूंची एक पारदर्शक पेटी आहे. तिच्या शेजारी साखरेचे दोन दाणे ठेवून त्यांच्या कडा कशा तिरक्या आहेत, तेही पाहावे.

स्वाध्याय

१. लेखकाने पोकळ कड्यात 'मोजून मापून ठेवलेली पोकळी' आहे, असे का म्हटले आहे?

२. ५० मिलिमीटरच्या लेन्सला ४ हा आकडा लावला, तर द्वार किती रुंद होईल? ८ लावला, तर उजेड किती पटींनी कमी होईल?

३. मुलीने पहिल्या दिवसाचे चित्र पुन्हा का मागितले असावे? तुमच्या शब्दांत लिहा.

४. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा: दबा धरणे, नेम धरणे, निभावणे.

५. तुमच्या घरातील किंवा अंगणातील एक लहान वस्तू भिंगातून पाच मिनिटे पाहा. आधी न दिसलेल्या तीन गोष्टी वहीत लिहा व चित्र काढा.